इंटरकूलर मोठा नको, आधी त्याला वारा द्या

टर्बो डिझेल गाडी चढावर धापा टाकू लागली, मागून काळा धूर सोडू लागली, की एक सल्ला हमखास मिळतो: इंटरकूलर लहान पडतोय, मोठा बसवा. बोनेटखाली जागा नाही म्हटले तर पुढचे वाक्यही ठरलेले असते, जागा करून घेऊ. मग ग्रिलमागची आडवी पट्टी कापली जाते, एसीचा कंडेन्सर दोन बोटे पुढे सरकवला जातो, मूळच्या दीडपट जाडीचा कोर, म्हणजे इंटरकूलरचा नळ्या-पात्यांचा गाभा, रेडिएटरच्या तोंडावर चढवला जातो आणि वाकडेतिकडे पाइप जोडून गाडी ‘तयार’ होते. धारपासून धुळ्यापर्यंतच्या गॅरेजांत आणि मोटारींवरच्या व्हिडिओंत हा उपाय इतक्या ठामपणे सांगितला जातो की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरतो. ती शंका मला इथे घ्यायची आहे, आणि आकडे मांडून घ्यायची आहे. अडचणीच्या जागेत बसलेल्या इंटरकूलरचे काम बहुतेक वेळा त्याच्या आकारापाशी अडलेले नसते. त्याच्या पात्यांमधून बाहेरची हवा किती जाते आणि ती आत शिरताना किती तापलेली असते, तिथे ते अडते. कोर मोठा केल्याने हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात, आणि कोर जाड केला तर पहिला प्रश्न उलट वाढतो.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर धरू: धार जिल्ह्यातले बाग. लेण्यांसाठी आणि ठशांच्या छापील कापडासाठी हे गाव लोकांना माहीत आहे. इथे मला त्याचा चढ हवा आहे. जिल्हा एकच, पण जमीन दोन पातळ्यांवरची. धार शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. बाग सुमारे शंभर किलोमीटर दूर, विंध्याच्या दक्षिण उतारावर, नर्मदेच्या खोऱ्याकडे. म्हणजे बागेहून टांड्याच्या बाजूने वर निघालेल्या गाडीला काही शे मीटर चढायचे असते, तेही मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे असताना. या भागात प्रवासी वाहतूक करणाऱ्या गाड्यांत फोर्स मोटर्सच्या ट्रॅक्सचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या तूफान आणि क्रूझरचा, मोठा भरणा आहे. कंपनी पुण्याची, पण गाडी बनते याच धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला. तिचे २.६ लिटरचे कॉमन रेल इंजिन सुमारे ९० हॉर्सपॉवरचे, २५० न्यूटन मीटर टॉर्क १४०० ते २४०० फेऱ्यांच्या दरम्यान देणारे, टर्बो आणि इंटरकूलरसह. होळीआधीच्या भगोरिया हाटांच्या आठवड्यात या गाड्यांत किती माणसे बसतात आणि किती टपावर असतात ते मोजण्यात अर्थ नाही. एवढे खरे की पूर्ण ओझ्यानिशी, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास चढणारी गाडी हीच इंटरकूलरची खरी परीक्षा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाने बागेच्या जागी तोरणमाळचा घाट धरला तरी चालेल, हिशेब तोच राहतो.

आता हिशेब. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. हे दाबण्याच्या क्रियेतच आहे, त्यात टर्बोचा दोष नाही. बाहेर ४२ अंश असताना हवा दुप्पट दाबापर्यंत नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १४० अंशांनी बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी बसतो. डिझेल मात्र ठरल्याप्रमाणे पडत राहिले की धूर होतो आणि एक्झॉस्ट तापतो. इंटरकूलर या १४० अंशांना शक्य तितके ४२ च्या जवळ आणतो. या ९८ अंशांच्या फरकापैकी तो ७० टक्के घालवत असेल तर इंजिनात शिरणारी हवा ७२ अंशांची होते. हा बऱ्यापैकी चांगला इंटरकूलर झाला. समजा तो काढून आणखी मोठा, ८० टक्के काम करणारा बसवला. हवा ६२ अंशांवर येईल. दहा अंश कमी झाले हे ऐकायला छान वाटते, पण घनता निरपेक्ष तापमानावर ठरते, त्यामुळे प्रत्यक्षात हवा दाट होते फक्त तीन टक्क्यांनी. जाहिरातीत जो मोठा फायदा सांगतात, त्याची सर्वांत अनुकूल परिस्थितीतली किंमत ही एवढी.

दुसऱ्या बाजूला तोच जुना कोर ठेवून दोन बिघाड पाहू. पहिला असा की कोरवर येणारी हवा बाहेरची नाहीच, रेडिएटरला वळसा घालून किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून फिरून आलेली ७० अंशांची आहे. कोर सत्तर टक्के काम करतच आहे, पण आता तो १४० आणि ७० यांच्यामधले सत्तर टक्के घालवतो, आणि इंजिनाला ७२ ऐवजी ९१ अंशांची हवा मिळते. घनतेत पाच टक्क्यांहून थोडा जास्त तोटा. दुसरा बिघाड असा की हवा थंड आहे पण पुरेशी नाही, आणि त्यामुळे कोरचे काम ७० वरून ४० टक्क्यांवर घसरले. हवा १०१ अंशांची, आणि तोटा पावणेआठ टक्क्यांचा. हे दोन्ही बिघाड एकत्र आले तर काय होईल ते वाचकाने स्वतः मांडून पाहावे. मुद्दा इतकाच की मोठ्या कोरने जास्तीत जास्त जे मिळते, त्याच्या दुप्पट-तिप्पट आधीच हातून निसटत असते, आणि ते परत मिळवायला कोर बदलावा लागत नाही.

यावर जाणकार म्हणतील की हवा अपुरी पडते हे गृहीत धरणेच चुकीचे आहे. गाडी चालते तेव्हा समोरून वारा येतोच की. येतो, पण किती? पुढून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो साधारण २७० पास्कल असतो. ताशी ३० ला चाळीसच्याही खाली, म्हणजे सातव्या हिश्श्याइतका. आता गरज पाहा. वर सांगितलेल्या चढावर अशा इंजिनाच्या इंटरकूलरला साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. ती घेऊन जाताना बाहेरची हवा २५ अंशांनी तापते असे धरले तर सेकंदाला १७० लिटर हवा कोरमधून जायला हवी. कोरचे तोंड पाच चौरस डेसिमीटरचे असेल, उदाहरणार्थ एक फूट लांब आणि सहा-साडेसहा इंच उंच, तर कोरमधल्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर हवा. गाडीचाच वेग सेकंदाला आठ मीटर. ग्रिल, बंपर, कंडेन्सर आणि दाटीवाटीचे बोनेट यांतून वाट काढून कोरपर्यंत पोचणाऱ्या हवेला बाहेरच्या वेगाचा चौथा-पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. म्हणजे दीड ते दोन मीटर. चढावर गाडी धापा टाकते ती या तुटीमुळे, आणि सपाटीवर महामार्गाला लागताच तीच गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते, तेही यामुळेच. कोर खरोखर लहान असता तर महामार्गावर पूर्ण ओझ्यानिशीही तिने तक्रार केली असती.

इथेच जाड कोरचा उपाय उलटतो. जागा अडचणीची असते तेव्हा लांबी-रुंदी वाढवता येत नाही, म्हणून बाजारात मिळतो तो जाड कोर. जाडी वाढली की हवेच्या वाटेतला अडथळा वाढतो. दाब मात्र तेवढाच, चाळीस पास्कल. परिणामी त्यातून जाणारी हवा आणखी कमी होते. शिवाय कोरच्या मागच्या अर्ध्या भागाला मिळते ती पुढच्या अर्ध्या भागात तापून आलेली हवा, त्यामुळे वाढवलेल्या जाडीतला ॲल्युमिनियम बराचसा नुसता ओझे म्हणून बसतो. ज्या प्रयोगात समोर ताकदवान पंखा लावून कोर तपासतात, तिथे जाड कोर जिंकतोच. त्या पंख्याचा दाब बागेच्या चढावर नसतो. आणि हा कोर रेडिएटरसमोर असेल तर त्याने अडवलेला वारा रेडिएटरलाही मिळत नाही. इंजिनात जाणारी हवा थंड करायला निघालेली गाडी पाणी उकळवत घाटात उभी राहते, आणि मग मिस्त्री म्हणतो की आता रेडिएटरही मोठा करावा लागेल. एकाच चुकीचे दोनदा पैसे घेण्याची ही पद्धत आहे असे म्हटले तर कोणाला राग येऊ नये.

आतल्या बाजूचा हिशेबही कोणी सांगत नाही. दाबलेली हवा कोरच्या बारीक नळ्यांतून जाताना थोडा दाब गमावते. स्वस्त कोरमध्ये आतली पाती दाट असतात, टोकाच्या टाक्यांचा आकार ओबडधोबड असतो, आणि नवी जागा गाठण्यासाठी पाइपला दोन-तीन वळणे जास्त पडतात. या सगळ्यात दहा किलोपास्कल दाब गेला तर दुप्पट दाबाच्या हवेतला तो पाच टक्के झाला. तीन टक्के कमावण्यासाठी पाच टक्के खर्च. नव्या इंजिनात दाबाचा सेन्सर ही तूट भरून काढायला टर्बोला जास्त पळवतो. जास्त पळालेला टर्बो हवा जास्त तापवतो. म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच.

मोठ्या कोरच्या बाजूने एक युक्तिवाद खरोखर विचार करण्यासारखा आहे: जड कोर उष्णता शोषून घेतो, म्हणून थोडा वेळ तरी वारा नसताना तो तग धरतो. हे खरे आहे; प्रश्न थोडा वेळ म्हणजे किती, हा आहे. पाच किलो ॲल्युमिनियमचे तापमान एका अंशाने वाढवायला साडेचार किलोज्यूल लागतात. साडेचार किलोवॉटने तो सेकंदाला एक अंश तापेल. वजनात आणखी दोन किलो घातले तर वीसेक सेकंद जास्त मिळतील. शर्यतीच्या मोटारीला वळण सोडताना आणि सिग्नलवरून उसळणाऱ्या हौशी चालकाला वीस सेकंद मोलाचे आहेत. चढ संपायला जिथे मिनिटे लागतात तिथे ते कुणाच्या कामाचे?

‘पुढे बसवा’ हा दुसरा आवडता आग्रह. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनावर किंवा जुन्या तीन लिटरच्या फॉर्च्युनरवर इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर असतो आणि बोनेटवरच्या नाकपुडीतून त्याला हवा मिळते. या मांडणीला नावे ठेवणे सोपे आहे: खाली तापलेले इंजिन, शेजारी टर्बो, उभी गाडी म्हणजे कोरची भट्टी. आक्षेप पोकळ नाही. पण या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांना पुढची जागा दिसली नव्हती असे मानायचे का? माथ्यावर ठेवल्याने पाइप आखूड राहतात, जोड कमी होतात, दाबाची तूट कमी होते आणि रेडिएटरसमोरची जागा मोकळी राहते. त्यांनी एक गोष्ट मात्र हट्टाने सांभाळली आहे: बोनेटच्या आतल्या बाजूची रबराची बिडिंग, जी नाकपुडीतून आलेल्या हवेला कोर सोडून दुसरीकडे पळू देत नाही. डेंटिंगच्या कामात ही बिडिंग फाटते, मिळत नाही म्हणून लावायची राहते, आणि नंतर दोष दिला जातो इंटरकूलरच्या जागेला. माझे मत स्पष्ट आहे: महामार्गावर चालणाऱ्या, पुढे खरोखर मोकळी जागा असणाऱ्या गाडीला समोरचा कोर चांगला. खलघाटहून मानपूरकडे चौपदरी रस्त्याने चढणाऱ्या गाडीला तो फायदा देईल. टांड्याच्या वाटेवर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कोंबलेला, तो देणार नाही.

मग करायचे काय? पहिले काम अगदी बिनडौलाचे आहे. कोर आणि त्याच्या चौकटीभोवतीच्या सगळ्या फटी फोमच्या पट्टीने आणि पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशाने बंद करायच्या. हवेला अडथळ्यातून जायचे आणि बाजूच्या मोकळ्या फटीतून जायचे असा पर्याय दिला तर ती नेहमी फट निवडते. चाळीस पास्कलमध्ये तर प्रत्येक बोटभर फट महाग पडते. याच फटींतून गाडी हळू असताना पंख्याने मागे ढकललेली तापलेली हवा पुन्हा पुढे येते आणि कोरमध्ये शिरते. दुसरे काम पंख्याचे. कोरमागे श्राउडसह, म्हणजे कोरभर पसरलेल्या कव्हरसह, पातळ इलेक्ट्रिक पंखा बसवायला जाड कोरइतकीही जागा लागत नाही, आणि हळू चढावर तो जो दाब निर्माण करतो तो समोरच्या वाऱ्याच्या कित्येक पट असतो. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो आणि कोपरे उपाशी राहतात. म्हणून नुसता पंखा प्लास्टिकच्या टायने कोरला बांधणे म्हणजे बॅटरी खर्च करणे. वेग वाढल्यावर थांबलेला पंखा वारा अडवतो हा आक्षेप बरोबर आहे, पण ताशी ८० ला दाब सातपट असतो, तेवढी अडवणूक परवडते. अल्टरनेटरला तो भार झेपतो का, हे मात्र आधी पाहिले पाहिजे. तिसरे, तापलेली हवा बोनेटखालून बाहेर जायला वाट हवी. खालचे मूळ आडोसे तुटून पडले किंवा उलट कोणी हौसेने जाड पत्रा ठोकला, तर दोन्हींत हवेची वाट बिघडते.

सफाईबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण निमाडात, म्हणजे नर्मदेच्या या खोऱ्यात, तिला स्थानिक कारण आहे. कुक्षी-मनावरकडचा हा कापसाचा पट्टा. हंगामात रस्त्याच्या कडेचे झुडूपही पांढरे होते, मग गाडीच्या जाळीचे काय? कापसाचे तंतू कंडेन्सर ओलांडून आत जातात, तिथे धूळ आणि किडे त्यांना चिकटतात, आणि कंडेन्सर व इंटरकूलर यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे कोणी आत पाहत नाही. हा थर काढायला कंडेन्सर सैल करून मागून पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, हलक्या दाबाने पाणी मारावे लागते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा पाती आडवी पाडतो आणि वाट कायमची बंद करतो. आतून इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारे तेल साचते, त्याचा पातळ थर नळ्यांच्या भिंतीवर उष्णतेला अडवतो. आणि सगळ्यांत आधी पाहायची ती गळती. रबरी होजला गेलेली बारीक चीर, सैल क्लिप, कोरच्या टाकीचा हललेला सांधा. इंजिन बंद असताना पाइपमध्ये जेमतेम एक बार दाब भरून साबणाचे पाणी लावले की बुडबुडे सांगतात. ज्या गाडीची हवा वाटेतच गळते तिला मोठा कोर बसवणे म्हणजे फुटक्या माठासाठी मोठा आड खणणे.

आणखी एक उपाय आहे, ज्यात कोणाचा माल खपत नाही म्हणून तो कोणी सांगत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कोंडत नेण्याची सवय. सतराशे फेऱ्यांवर पूर्ण दाबाने जी ताकद मिळते, तीच एक गिअर खाली घेऊन एकवीसशे फेऱ्यांवर कमी दाबात मिळते. दाब दुपटीऐवजी १.६ पट लागला तर टर्बोतून निघणारी हवा १४० ऐवजी सुमारे १०७ अंशांची असते. तेहतीस अंश इंटरकूलरपर्यंत पोचण्याआधीच वाचले. ज्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर फिरतो त्यांत तो फेऱ्यांबरोबर वेगानेही फिरतो. डिझेल थोडे जास्त जाईल अशी चालकांची तक्रार असते; कोंडलेल्या इंजिनाने सोडलेला काळा धूर हेही न जळलेले डिझेलच असते, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

पाण्याच्या इंटरकूलरचे काय, असा प्रश्न अभ्यासू वाचक विचारतील. इथे माझा विरोध नाही. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये आणलेल्या ईए २८८ डिझेल इंजिनात पाण्याने थंड होणारा कोर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवला. पाइप जवळजवळ संपले, जागा वाचली. अडचणीच्या बोनेटसाठी नवी गाडी आखताना हे उत्तम उत्तर आहे. पण ते कारखान्यातले उत्तर आहे. पाण्याने घेतलेली उष्णता शेवटी कुठल्यातरी वेगळ्या रेडिएटरमधून हवेतच सोडावी लागते, आणि तो रेडिएटर पुन्हा त्याच ग्रिलमागे, त्याच चाळीस पास्कलसमोर उभा असतो. पाच लिटर पाणी आपल्या साडेचार किलोवॉटने तीस अंश तापायला सव्वादोन-अडीच मिनिटे घेते. तेवढी उसंत मिळते, कोडे सुटत नाही. कोरवर पाणी फवारण्याची युक्ती त्यापेक्षा साधी आहे आणि निमाडाच्या कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली लागू पडते, कारण एक लिटर पाणी सगळे कोरवरच वाफ झाले तर आठ मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण उष्णता उचलते. सुबारूने आपल्या काही मोटारींत ती कारखान्यातूनच दिली होती. मात्र विंधण विहिरीचे कठीण पाणी वापरले तर क्षार पात्यांवर जमतात आणि एका उन्हाळ्याची सोय पुढच्या उन्हाळ्याचा अडथळा होते.

राहता राहिला ताकदीचा मोह. नव्या कोरनंतर गाडीला पिकअप आला अशी साक्ष पुष्कळ जण देतात. कॉमन रेल इंजिनात डिझेल किती पडायचे ते संगणक ठरवतो. हवा तीन टक्के दाट झाली म्हणून तो आपणहून तीन टक्के ताकद देईलच असे नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात तर हवा वाढली तरी डिझेल तेवढेच, म्हणून कोर बसवताना मिस्त्री पंपाचा स्क्रूही फिरवतो. पिकअप येतो तो त्या स्क्रूमुळे, श्रेय जाते कोरला, आणि जास्तीचा ताप सोसतात पिस्टन आणि टर्बो. कोणी म्हणेल की फोर्सनेच आपल्या २.६ लिटरच्या इंजिनातून गुरखासाठी २०२४ मध्ये १४० हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन मीटर काढले ना? काढले, पण अशी झेप टर्बो, इंजेक्शन, शीतकरण आणि संगणकातली मांडणी एकत्र जुळवून घेतली जाते, बाजारातून आणलेल्या एका सुट्या कोरवर नाही. आणि ग्रिलमागची जी पट्टी कापली जाते ती बोनेटचे कुलूप धरते आणि धडकेत पहिला आघात घेते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या नोंदींशी विसंगत बदलांना मनाई करते. नुसता कोर बदलणे त्यात येते का यावर वकील वाद घालोत. पट्टी कापण्यावर वाद घालायला जागा दिसत नाही.

कंपन्यांनाही या वादातून सुटका नाही. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे, आशियातला सर्वांत लांब म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण ज्या गाड्या याच जिल्ह्यात ताशी तीसने, ४२ अंशांत, भरगच्च ओझ्याने चढतात, त्यांच्या मालकाला सेवापुस्तिकेत एक आकडा छापून मिळायला काय हरकत आहे: अमुक चढावर, अमुक उष्णतेत, इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा इतक्या अंशांहून जास्त तापू नये. हा आकडा कंपनीकडे चाचणीतून असतोच. तो मिळाला तर निम्मे कोर विकले जाणार नाहीत.

तोवर मालकाने स्वतः मोजावे. साधा ओबीडी स्कॅनर इनटेक हवेचे तापमान दाखवतो; फक्त तो आकडा टर्बोच्या आधीच्या सेन्सरचा नसून इंटरकूलरनंतरच्या, बूस्ट सेन्सरजवळच्या जागेचा आहे याची खात्री करावी. सारख्याच ओझ्याने आणि ॲक्सिलरेटर तेवढाच दाबून आधी महामार्गावर ८० च्या वेगात आणि मग हळू चढावर पाहावे. महामार्गावर बाहेरच्या हवेपेक्षा फरक वीस-तीस अंश आणि चढावर पन्नास-साठ असेल, तर कोर पुरेसा आहे आणि वारा कमी पडतो आहे. फटी बुजवा, कापूस काढा, श्राउडसह पंखा लावा, एक गिअर खाली घ्या. दोन्ही ठिकाणी फरक मोठा असेल, कोर आतून-बाहेरून स्वच्छ असेल आणि गळती नसेल, तरच कोर लहान आहे. अशी गाडी सापडली तर तिला मोठा कोर जरूर बसवावा, रुंद किंवा उंच, जाड नव्हे.